दिग्विचार, अर्थात जोगेश्वरीची पश्चिम कोठे गेली?

प्रकरण पहिले : अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या सांगितल्या नाहीत तर ग्रंथ कोणी वाचत नाही. सांगितल्या तरी वाचत नाही, पण मग दोष वाचकाकडे जातो. म्हणून आधी सांगून मोकळा होतो.

विषय असा. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांची नवी आखणी २००८ साली जाहीर झाली आणि २००९ पासून आपण तिच्यावर मतदान करीत आलो. तिच्यातील काही नावांच्या मागे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, मध्य, शहर, ग्रामीण अशी शेपटे लागली आहेत. ती कोणाला लागली, कोणाला लागली नाहीत, आणि ज्याला लागली त्याने काय पाप केले होते, याचा येथे विचार केला आहे. प्रयोजन काहीही नाही. संबंध न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या परिसीमन आयोगाशी आहे, पण आयोगाला त्याची कल्पना नाही. राहता राहिला अधिकारी. ज्याने मतदानाच्या सकाळी भलत्याच शाळेसमोर रांग लावून, शेवटी टेबलापाशी पोहोचल्यावर "काका, तुमचं नाव इथं नाही, तुमचा मतदारसंघ पुलापलीकडचा" हे ऐकले आहे, तो हा ग्रंथ वाचण्यास अधिकारी. इतरांनी प्रस्तावना वाचून अभिप्राय द्यावा.

कोणाचा बालेकिल्ला फुटला, कोणाची हक्काची मते शेजाऱ्याच्या मतदारसंघात गेली, कोठे आरक्षण पडले, हे प्रश्न मोठे आहेत. तेवढ्याच कारणाने ते या प्रबंधाच्या कक्षेत बसत नाहीत. अमेरिकेतील गव्हर्नर गेरी आणि त्यांच्या सरड्यासारख्या मतदारसंघाची १८१२ मधील कथा या विषयावरील प्रत्येक लेखात येते. येथे ती आली असे समजावे.

प्रकरण दुसरे : आयोगाचे स्वरूप

परिसीमन अधिनियम, २००२ हा या शास्त्रातला सूत्रग्रंथ. त्याच्या नवव्या कलमात म्हटले आहे की मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावेत आणि ते आखताना नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण व लोकांची सोय ध्यानात घ्यावी. यातला ‘शक्यतो’ हा शब्द वाचकाने मनात धरून ठेवावा. पुढे त्याच्यावर फार भार पडणार आहे.

आयोगाला साहाय्य करण्यासाठी प्रत्येक मोठ्या राज्यातून दहा सहयोगी सदस्य घेतात, पाच खासदार आणि पाच आमदार. त्यांना बैठकीत बसता येते, बोलता येते, नकाशावर बोट ठेवून हळहळता येते. मत देता येत नाही आणि निर्णयावर सही करता येत नाही. लग्नाच्या बोलणीला मुलीकडून आणलेल्या दूरच्या मामांची जी अवस्था, तीच यांची. आयुष्यभर दुसऱ्यांची मते मागणाऱ्या माणसाला मतच नसलेल्या खुर्चीत बसवणारी ही एकमेव संस्था असावी, आणि तेवढ्यासाठी प्रस्तुत लेखकाला ती प्रिय आहे.

आयोगाचा आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचे बळ येते आणि तो कोणत्याही न्यायालयात नेता येत नाही, असे अधिनियम म्हणतो. उज्जैनच्या मेघराज कोठारी यांनी १९६० च्या दशकात हे करून पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सांगितले की एकदा छापले ते छापले. न्यायालयाने असे म्हटल्यावर आता नुसत्या प्रबंधकारांनाच वाव उरला आहे.

प्रकरण तिसरे : मुंबईतील विधुर

आता मुख्य विषयाकडे वळू. मुंबईचे विधानसभा मतदारसंघ ३६. त्यांपैकी दहा नावांना दिशेचे शेपूट आहे. या दहांतले सहा जोडीने नांदतात : अंधेरी पश्चिम व अंधेरी पूर्व, घाटकोपर पश्चिम व घाटकोपर पूर्व, वांद्रे पूर्व व वांद्रे पश्चिम. उरलेले चार एकटे आहेत. भांडुप पश्चिम आहे, भांडुप पूर्व नाही. जोगेश्वरी पूर्व आहे, जोगेश्वरी पश्चिम नाही. कांदिवली पूर्व आहे, पश्चिम नाही. मालाड पश्चिम आहे, पूर्व नाही. दोन पूर्व विधुर आणि दोन पश्चिम विधुर. आयोगाने निदान येथे तरी समतोल राखला हे मान्य केले पाहिजे.

पूर्वपक्ष असा (येथे पूर्वपक्ष म्हणजे तर्कशास्त्रातला, निवडणूक चिन्ह असलेला नव्हे) : जो पूर्व आहे तो कशाच्या तरी पूर्वेला असला पाहिजे, आणि ज्याच्या पूर्वेला तो आहे त्याला पश्चिमही असली पाहिजे. मग जोगेश्वरीची पश्चिम गेली कोठे?

समाधान : ती वर्सोव्यात आहे. कांदिवलीची पश्चिम चारकोप या नावाने राहते. मालाडच्या पूर्वेचा मोठा भाग दिंडोशीत गेला. भांडुपच्या पूर्वेची गोष्ट थोडी करुण आहे. ती रेल्वेचे रूळ आणि मिठागरे यांच्यामध्ये आक्रसून बसलेली, स्वतःचा आमदार पोसण्याइतकी माणसे तिच्याकडे कधी नव्हतीच. म्हणजे हे चौघे खरे विधुर नव्हेत. त्यांच्यातील तिघांचे जोडीदार माहेरचे नाव लावून शेजारीच सुखाने राहत आहेत.

येथे एक नियम हाताला लागतो. वर्सोवा, चारकोप, दिंडोशी ही जुन्या गावांची नावे. जोगेश्वरी, कांदिवली, मालाड ही नावेही गावांचीच, पण ती रेल्वेने उचलली, पाटीवर लिहिली आणि गाडीतल्या माणसाने ती ओरडून ओरडून स्टेशनची करून टाकली. ज्या नावाचे स्टेशन झाले ते नाव रुळांनी मधोमध चिरले गेले. ज्याचे झाले नाही ते अखंड राहिले. म्हणून मुंबईत पूर्व म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू नव्हे, तर जिना उतरून जिकडे रिक्षा मिळते त्या दोन बाजूंपैकी एक.

नैयायिकांच्या भाषेत ही व्याप्ती अशी मांडता येईल : जेथे जेथे दिशा, तेथे तेथे स्टेशन. तपासून पाहा. अंधेरी, घाटकोपर, वांद्रे, भांडुप, जोगेश्वरी, कांदिवली, मालाड, सातही स्टेशने आहेत. उलट मागाठाणे, चांदिवली, कलिना, अणुशक्तीनगर, वरळी, मलबार हिल, कुलाबा यांच्या नावाचे लोकलचे स्टेशन नाही आणि त्यांना दिशाही नाही. व्याप्ती उलटी मात्र चालत नाही. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे असले तरी जेथे अग्नी तेथे धूर असतोच असे नाही, हे दाखवायला नैयायिक तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देतात. आमचा लोखंडी गोळा म्हणजे बोरिवली. स्टेशन आहे, गर्दी आहे, ताप आहे, पण दिशा नाही. दहिसर, मुलुंड, विक्रोळी, गोरेगाव हे आणखी काही गोळे.

विलेपार्ले हाही तसाच निर्दिश आहे, पण त्याचे कारण वेगळे असावे. पार्ल्याला पश्चिम आहे ही गोष्ट पूर्वेकडच्या पार्लेकरांनी अजून तत्त्वतः मान्य केलेली नाही.

ही सगळी व्यवस्था नीट पाहिली तर चमत्कारिक वाटते. २००२ चा कायदा, २००१ ची जनगणना, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, जाहीर सुनावण्या, हरकती, सूचना, आणि शेवटी आमदाराच्या लेटरहेडवर ‘पूर्व’ छापायचे की ‘पश्चिम’ हे ठरले एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या इंजिनिअरांनी रूळ कोठून नेले त्यावरून. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा घाटकोपरचे दोन आमदार ठरून गेले होते. दुसऱ्या आमदाराला दीडशे वर्षे वाट पाहावी लागली, एवढेच.

जाता जाता एका दिवंगताची नोंद. दादर नावाचा मतदारसंघ आता नाही. २००४ पर्यंत होता. त्याच्याबरोबर परळ, नायगाव, माझगाव, उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी ही नावेही गेली. शहराच्या जागा सतराच्या दहा झाल्या, उपनगरांच्या सतराच्या सव्वीस. शिवाजी पार्कवर उभे राहून भाषण करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने माहीममध्ये उभा असतो. हे त्याला कोणी सांगत नाही, आणि ते बरेच आहे.

प्रकरण चौथे : सर्पगती

मतदारसंघांना क्रमांक असतात आणि ते वाटेल तसे दिलेले नाहीत. उत्तर-वायव्येकडून आरंभ करून नागमोडी वळणे घेत दक्षिणेला संपावे, असा आयोगाचा दंडक होता. त्यानुसार क्रमांक १ नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा आणि क्रमांक २८८ सांगली जिल्ह्यातले जत.

मधला प्रवास एखाद्याने खरोखर करून पाहावा असा आहे. अक्कलकुव्याहून निघायचे, जळगाव-बुलढाण्यावरून विदर्भात शिरायचे, थेट गडचिरोलीपर्यंत जाऊन चंद्रपूर-यवतमाळवरून नांदेडला उतरायचे, मराठवाडा आडवा कापून नाशिकला यायचे आणि डहाणूला समुद्र गाठायचा. तेथून ठाणे, बोरिवली करत १८७ क्रमांकाला कुलाबा. कुलाब्यापुढे जमीन संपते, पण १८८ हा पनवेल असल्यामुळे खाडी ओलांडणे प्राप्त. महाडहून एकदम जुन्नर. मग नगर, बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर, सातारा. तेथून खाली दापोली. २७० व्या क्रमांकाला सावंतवाडीत पोहोचून आंबोलीचा घाट चढायचा की २७१, चंदगड. तेथून कोल्हापूर आणि सांगली करून जतला पाणी प्यायचे, असल्यास.

या सर्पगतीमुळे जे चमत्कार झाले त्यांतला कल्याणचा सर्वांत मोठा. कल्याण पश्चिमचा क्रमांक १३८. कल्याण पूर्वचा १४२. मध्ये १३९ मुरबाड, १४० अंबरनाथ, १४१ उल्हासनगर. जमिनीवर कल्याण पश्चिमेतून पूर्वेत जायला पादचारी पूल आहे. अंगात ताकद असेल आणि पुलावर भाजीवाले बसले नसतील, तर पाच मिनिटे लागतात. आयोगाच्या क्रमाने जायचे तर आधी मुरबाडला जावे लागते.

सोलापुरातही असेच. २४८ सोलापूर शहर उत्तर, २४९ सोलापूर शहर मध्य, मग २५० अक्कलकोट, आणि स्वामींचे दर्शन घेऊन परत आल्यावर २५१ सोलापूर दक्षिण. शहर उत्तर आणि शहर मध्य असताना शहर दक्षिण मात्र नाही. दक्षिणेला पोहोचेपर्यंत ‘शहर’ गळून पडते. कोल्हापुरात २७४ ला कोल्हापूर दक्षिण आहे, २७६ ला कोल्हापूर उत्तर, आणि दोघांच्या मध्ये २७५ ला करवीर, म्हणजे पुन्हा कोल्हापूरच. कोल्हापूरकरांना यात काही वावगे वाटत नाही. त्यांच्या मते जगाच्या कोणत्याही दोन बिंदूंच्या मध्ये कोल्हापूरच असते.

अंधेरीत पश्चिमेचा क्रमांक आधी, पूर्वेचा नंतर. घाटकोपरला तसेच. वांद्र्याला मात्र पूर्व १७६ आणि पश्चिम १७७. वांद्रे पश्चिमेच्या रहिवाशांना दुसरा क्रमांक मिळण्याची बहुधा ही एकमेव वेळ.

प्रकरण पाचवे : अपूर्णांकांचे काय होते

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ भरली. तिला २८८ ने भागले की ३,३६,३८४ येतात आणि वर ३५ माणसे शिल्लक राहतात. या ३५ जणांचे प्रतिनिधित्व कोण करतो हा प्रश्न सभागृहात अद्याप कोणी विचारलेला नाही.

आता एकेका जिल्ह्याला या ३,३६,३८४ ने भागून पाहा. ठाण्याचे २४.१७ येतात, मिळाल्या २४ जागा. रत्नागिरीचे ५.०४, मिळाल्या ५. इथपर्यंत हिशेब वाण्याच्या तराजूसारखा चोख आहे. सिंधुदुर्गाचे २.५८ येतात, मिळाल्या ३. म्हणजे सिंधुदुर्गाला जवळपास अर्ध्या आमदाराची बक्षिसी. मुंबई उपनगराचे २५.६९ चे २६ झाले, शहराचे ९.९२ चे १०.

आणि पुणे? पुणे जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या ७२,३२,५५५. भागाकार २१.५०. मिळाल्या २१.

हा अर्धा आमदार कोठे गेला? भागाकार पाच-सहा घरांपर्यंत नेला तर तो अर्ध्याच्याही किंचित वर जातो. जेमतेम तीनशे माणसांनी, पण वर. ज्या शहरात रिक्षावाल्याकडून एक रुपया सुटा घेण्यासाठी माणूस दहा मिनिटे उन्हात उभा राहतो, तेथे ही गोष्ट अजून चर्चेत कशी आली नाही याचे आश्चर्य वाटते. प्रस्तुत लेखकाचा तर्क असा की पुणेकरांना हे ठाऊक आहे, पण अर्धा आमदार कमी मिळाला ही तक्रार करावी की सुटकेचा निःश्वास टाकावा, यावर त्यांच्यात एकमत झालेले नाही.

या भागाकारामागे एक मोठी हालचाल दडलेली आहे आणि ती सांगण्यापुरता हा प्रबंध क्षणभर गंभीर होईल. जुन्या आखणीत रत्नागिरी जिल्ह्याच्या सात जागा होत्या. नव्या आखणीत पाच राहिल्या, खेड आणि संगमेश्वर ही नावे यादीतून गेली. पलीकडे सिंधुदुर्गात मालवण आणि वेंगुर्ले गेली. त्याच वेळी ठाणे जिल्हा तेरावरून चोवीसवर गेला. कोकणातला माणूस आधी गिरणीत गेला, मग डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला, दिव्याला. तीस-पस्तीस वर्षे जागांची वाटणी १९७१ च्या आकड्यांवर गोठून राहिली होती, त्यामुळे आमदार गावाकडेच राहिले आणि मतदार गणपतीला भेटायला येत राहिले. २००८ साली गोठण सुटली आणि आमदारही चाकरमान्यांच्या मागोमाग ठाण्याला आले. येताना त्यांनी बायकामुलांना गावी ठेवले की कसे, याची नोंद आदेशात नाही.

सिंधुदुर्गाचा विषय निघाला की शेजारच्या गोव्याशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ आणि आमदार ४०. माणशी, म्हणजे आमदारमाणशी, सुमारे साडेछत्तीस हजार. मुंबई महापालिकेच्या हद्दीत १,२४,४२,३७३ माणसे आणि २२७ नगरसेवक. प्रत्येकी जवळपास पंचावन्न हजार. म्हणजे मुंबईचा एक नगरसेवक म्हणजे दीड गोमंतकीय आमदार. गटारावरचे झाकण मागायला गेलेल्या मुंबईकराने हे लक्षात ठेवून थोडे अदबीने बोलावे.

प्रकरण सहावे : एका रविवारविषयी

आखणी चालू असताना हद्दी बदलत राहिल्या तर आखणी संपणारच नाही. म्हणून आयोगाने जिल्हे, तालुके, महसुली मंडळे, वॉर्ड, सगळे १५ फेब्रुवारी २००४ रोजी जसे होते तसे गोठवले. त्या दिवशी रविवार होता. निवडणुकीच्या दृष्टीने महाराष्ट्र अजून त्या रविवारी दुपारी जेवून आडवा झालेला आहे.

पुढे २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. मतदारसंघ जागचे हलले नाहीत. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या शहरांची नावे बदलली, पाट्या बदलल्या, स्टेशनांवरचे फलक बदलले, पण मतदारसंघ त्या रविवारच्याच नावाने निवडणूक लढवत राहिले. सभेत वक्त्याने एक नाव घ्यायचे आणि अर्जावर दुसरे लिहायचे, ही कसरत उमेदवारांना चांगली जमते. एरवीही त्यांना सवय असते.

‘ग्रामीण’ हे शेपूटही असेच जुन्या रविवारचे. कल्याण ग्रामीण मतदारसंघात आज जाऊन शेत शोधावे. वीस-वीस मजली टॉवर, पोहण्याचे तलाव, टँकरची रांग, हे सगळे त्या ग्रामीण भागात मोडते. बैल पाहायचा असेल तर शेअर बाजाराचे चॅनेल लावावे.

प्रकरण सातवे : नागपूर, आणि इतर दिशा

शास्त्राने दिशा दहा मानल्या. चार मुख्य, चार कोपरे, वर आणि खाली. नागपूर शहराला मतदारसंघ सहा : उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य आणि दक्षिण-पश्चिम. चार कोपऱ्यांपैकी नागपूरने फक्त नैऋत्य उचलली. ईशान्य, आग्नेय आणि वायव्य रिकाम्या ठेवल्या. ईशान्येला देवघर, आग्नेयेला चूल, वायव्येला पाहुण्यांची खोली असा वास्तुशास्त्राचा संकेत आहे, तेव्हा या तिन्हींची मतदारसंघाला गरज नाही हे खरे. नैऋत्य मात्र घरधन्याची. आणि २०१४ साली नागपूर दक्षिण-पश्चिमचेच आमदार राज्याचे मुख्यमंत्री झाले. आमच्या ओळखीच्या एका वास्तुतज्ज्ञांनी तेव्हापासून दर वाढवले आहेत.

नाशिकला पूर्व, मध्य, पश्चिम आहे, उत्तर नाही, दक्षिण नाही. नांदेडला आणि कराडला उत्तर-दक्षिण आहे, पूर्व-पश्चिम नाही. एका शहराला एकच अक्ष पुरावा, असा यातून नियम निघाला असता. नागपूरने तो मोडला. नागपूरला नियम मोडण्याची परवानगी अधिवेशनाच्या निमित्ताने दरवर्षी मिळतेच.

मालेगावचा विचार स्वतंत्र ग्रंथाचा आहे. तेथे मालेगाव मध्य आहे आणि दुसरा आहे मालेगाव बाह्य. बाकीच्या शहरांत जो मध्यात नाही तो कोणत्या तरी दिशेला असतो. मालेगावात जो मध्यात नाही तो सरळ बाहेर. वैशेषिकांनी सात पदार्थ सांगितले, पण एवढ्या कमी शब्दांत आत आणि बाहेर त्यांनाही मांडता आले नाही.

पुण्याने शेपूटच नाकारले. कोथरूड, पर्वती, शिवाजीनगर, हडपसर, खडकवासला, वडगाव शेरी, कसबा पेठ. एकाही नावात दिशा नाही. शहराचे नाव तर फक्त ‘पुणे कॅन्टोन्मेंट’मध्ये येते, आणि कॅन्टोन्मेंट म्हणजे पुणे नव्हे असे सांगणारे पुण्यात पुष्कळ. पेठ ज्याला आहे त्याने दिशा का सांगावी? पत्ता विचारणाऱ्यालाही पुण्यात दिशा सांगत नाहीत.

प्रकरण आठवे : जोडरेघ

दोन गावांची नावे एकत्र आली की आधी कोणाचे लिहायचे, यावर लग्नपत्रिकेइतकीच भांडणे होऊ शकतात. विधानसभेपुरते न राहता येथे लोकसभेकडेही पाहावे लागेल. रत्नागिरी-सिंधुदुर्ग, यवतमाळ-वाशिम, गडचिरोली-चिमूर, भंडारा-गोंदिया. पहिली तीन मराठी वर्णमालेच्या क्रमाने लागतात. चौथी लागत नाही, कारण ‘ग’ हा ‘भ’च्या आधी येतो. म्हणून वर्णानुक्रमाचा सिद्धांत सोडावा लागतो.

त्याजागी ज्येष्ठतेचा सिद्धांत बसतो. सिंधुदुर्ग १९८१ साली रत्नागिरीतून निघाला. गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून निघाला. वाशिम १९९८ सालचा, यवतमाळ केव्हाचा जुना. चिमूर तर जिल्हाच नाही. जन्म आधी त्याचे नाव आधी. घराण्यात हेच चालते, राजकीय घराण्यात तर निश्चितच.

मुंब्रा-कळवा या विधानसभा मतदारसंघापाशी ही उपपत्तीही अडखळते. ठाण्याहून निघालेल्या गाडीला आधी कळवा लागते, मग मुंब्रा. म्हणून अधिकृत नाव काहीही असो, लोक कळवा-मुंब्रा म्हणतात. आयोग कागदावरून आला, लोक लोकलने.

मावळचे नाव एकच आहे, जोडरेघ नाही, पण तिची सर्वांत जास्त गरज तेथेच होती. पनवेल, कर्जत, उरण हे तीन विधानसभा मतदारसंघ घाटाखाली. मावळ, चिंचवड, पिंपरी हे तीन घाटावर. मध्ये अख्खा सह्याद्री. एका टोकाला उरणची बोट आणि दुसऱ्या टोकाला पिंपरीचे कारखाने. नैसर्गिक रचना, दळणवळण आणि आटोपशीरपणा ध्यानात घेऊन हे केले आहे. ‘शक्यतो’ या शब्दावर भार पडेल असे आरंभी सांगितले होते, तो येथे पडला. त्या शब्दाला बोरघाट पूर्ण चढावा लागतो.

प्रकरण नववे : आकाशाची आखणी

संविधानाप्रमाणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर जागांची वाटणी पुन्हा खुली होते, आणि येऊ घातलेल्या जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झालेली आहे. तेव्हा हरकती व सूचना आताच नोंदवून ठेवणे बरे. जोगेश्वरीला पश्चिम परत मिळावी, पुण्याच्या अर्ध्या आमदाराचा छडा लागावा, या हरकती झाल्या. सूचना एकच आहे.

दहापैकी ऊर्ध्व आणि अधर या दोन दिशा आजवर कोणत्याही आयोगाने वापरलेल्या नाहीत. मुंबई जेव्हा दुमजली चाळींची होती तेव्हा हे क्षम्य होते. आता वरळी, परळ, लोअर परळ या भागात एकाच खांबावर तीन-चार गावांची वस्ती राहते, आणि त्याच जमिनीवर खाली चाळ असते. वरच्यांचे प्रश्न वेगळे, खालच्यांचे वेगळे. वरच्यांना हेलिकॉप्टरचा आवाज होतो, खालच्यांना पाणी चढत नाही. तेव्हा ‘वरळी ऊर्ध्व’ आणि ‘वरळी अधर’ असे दोन मतदारसंघ करावेत. सीमा चोविसाव्या मजल्यावरच्या रेफ्यूज फ्लोअरवरून न्यावी, कारण तेथे कायद्याने कोणी राहू शकत नाही. आचारसंहितेच्या काळात लिफ्टमध्ये भरारी पथक ठेवावे.

अडचण एकच उरते, ती लिफ्टमनची. तो दिवसातून दोनशे वेळा ही सीमा ओलांडेल. पण त्याची चौकशी केली तेव्हा तो म्हणाला की त्याचे नाव मुंबईच्या यादीत नाहीच, गावाकडे आहे, आणि आपण खेडचे मतदार. खेड नावाचा मतदारसंघ त्याच्या जिल्ह्यात २००९ पासून नाही, तालुक्याचा काही भाग दापोलीत आणि काही गुहागरमध्ये गेला, हे त्याला सांगितले. त्याने अकराव्या मजल्याचे बटण दाबले आणि विचारले, "मग साहेब, आम्ही इतकी वर्षं मत देतोय ते कुठलं?"